चकली आवडली होती, मग ‘शी’ का?

प्रश्न थोडक्यात असा. फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या सांगलीच्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी रातकिड्यांची पावडर घालून चकली केली. घरच्या आणि कॉलेजच्या मिळून पंचवीस-तीस जणांना दिली. बहुतेकांनी ‘छान झालीय’ म्हटलं. आत काय आहे ते सांगितल्यावर निम्म्यांनी हातातली चकली खाली ठेवली. एका मावशीने जाऊन चूळ भरली आणि ती अजून नीट बोलत नाही. मुलगी विचारते: “मॅडम, एवढं प्रोटीन, पाणी कमी, जागा कमी, चवही आवडली, तरी लोक मागे का सरतात? त्यांचं प्रबोधन कसं करायचं? आणि १० टक्क्यांच्या वर पावडर गेली की चकली तुटते, त्यावर काही उपाय?”

आधी मावशीकडे जा आणि माफी माग. प्रोजेक्टचं नंतर बघू.

मी सव्वीस वर्षं लोकांना खायला देऊन त्यांचे चेहरे बघायचं काम करतेय. आमच्या धंद्यात त्याला सेन्सरी म्हणतात. आत काय आहे ते पहिल्या घासाआधी सांगायचं, हा इथला पहिला नियम. एक कारण अगदी शारीरिक आहे. ज्यांना कोळंबी-खेकड्याने अंगावर गांधी उठतात, त्यांना रातकिड्यानेही उठू शकतात, कारण दोघांच्या स्नायूंमध्ये ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखंच प्रथिन असतं. युरोपात अशा पाकिटावर तसा इशारा छापावाच लागतो. तू कुणाला विचारलं होतंस का, कोळंबी चालते का म्हणून?

दुसरं कारण मी माझ्याच गाढवपणातून शिकले. पहिल्या नोकरीत आम्ही एका नमकीनच्या मसाल्याची चाचणी घेतली. त्यात सुक्या माशाची पूड होती आणि ते फॉर्मवर लिहायचं राहिलं. माझ्या टेबलावर एक माळकरी काका होते. दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी सहज विचारलं आणि मी सहज सांगितलं. ते रागावले नाहीत. उठले, बाहेरच्या नळावर तोंड धुतलं, गळ्यातल्या माळेला हात लावून थोडा वेळ उभे राहिले आणि जाताना एवढंच म्हणाले, “ताई, आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. एवढंच.” पुढच्या प्रत्येक फॉर्मवर मी तो रकाना स्वतःच्या हाताने तपासलाय.

हे सांगायचं कारण, तुझ्या तक्त्यात ‘नकार’ या एकाच रकान्यात तीन-चार निराळी माणसं बसली आहेत. माळकरी, जैन, घरात अंडंही न आणणारे. हे बिचकलेले ग्राहक नाहीत, त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. रातकिड्याच्या पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणच येणार, मग पावडर कितीही बारीक असो. त्यांना ‘अजून तयार न झालेला वर्ग’ म्हणून मोजलंस तर तुझे आकडेही खोटे आणि तूही उद्धट. त्यांना सोडून दे. मासे-मटण खाणारे लोक का मागे सरतात, तेवढंच बघू. खरी गंमत तिथे आहे.

पाच-सहा वर्षांपूर्वी मीही चाचणीला चकलीच घेतली होती, ८ टक्के पावडरीची. सगळं आधी सांगून, सह्या घेऊन. चाचणीच्या एका आडोशाच्या खणात अलिबागकडची एक बाई बसली होती. तिने चकली मोडली, आधी नाकाशी नेली आणि म्हणाली, “यात सुकट आहे का?” म्हटलं, नाही हो, रातकिडे, समोर लिहिलंय. “लिहिलंय ते वाचलं, पण वास तर जवळ्याचा येतोय.” तिने तिन्ही तुकडे संपवले आणि चौथा कागदी रुमालात बांधून मुलाला दाखवायला घेतला. शेजारच्या खणात साताऱ्याचा एक मुलगा होता. वजडी, मुंडी, पाया, काही वर्ज्य नाही म्हणून फॉर्मवर मोठ्या अभिमानाने लिहिलेलं. तो बशीकडे अकरा मिनिटं बघत बसला (माझ्याकडे घड्याळाची नोंद आहे) आणि न खाता गेला. जाताना मलाच ‘सॉरी मॅडम’ म्हणून गेला.

बोकडाचं आतडं धुऊन खाणाऱ्या माणसाला एक चकली खाता येऊ नये, याचं उत्तर प्रोटीनच्या तक्त्यात नाही. दिसण्यातही नाही. जवळा आपण डोळ्यांसकट, पायांसकट, मिशांसकट खातो आणि वर म्हणतो की भाकरीबरोबर दुसरं काही नको. प्राणिशास्त्राच्या वंशावळीत तर कीटक ही कवचधारी प्राण्यांच्याच कुळातून फुटलेली फांदी आहे. रातकिडा आणि करंदी लांबचे का होईना, भाऊबंद आहेत. पण करंदी समुद्रातून टोपलीत आणि टोपलीतून तव्यावर येते. रातकिडा न्हाणीघराच्या कोपऱ्यातून येतो. माणूस प्राणी खात नाही, त्या प्राण्याचा पत्ता खातो.

आपल्या भाषेनेही हे काम आधीच करून ठेवलंय. कीड लागते, दात किडतो, डोक्यात किडा वळवळतो. डब्यात टोके झाले की गहू उन्हात पडतात आणि घरच्या बाईची मान शेजारणीसमोर खाली जाते. म्हणजे अन्नात किडा हा प्रकार आपल्याला चांगला ओळखीचा आहे, आणि त्याचा एकच अर्थ आहे: अन्न वाया गेलं. तू तोच किडा मुद्दाम पिठात घातलास आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी तुझी अपेक्षा आहे. (‘क्रिकेट पावडर’ म्हटल्याने फार फरक पडत नाही. मी म्हणून बघितलं. एकाने विचारलं, बॅटची की बॉलची?)

पॉल रोझिन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ. किळस या विषयावर त्यांचं आयुष्यभराचं काम आहे. १९८६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात क्षणभर बुडवून काढलं आणि लोकांना रस प्यायला सांगितलं. झुरळावर एकही जंतू नाही हे माहीत असूनही लोक तो रस नको म्हणाले. पाश्चात्त्य पुस्तकांत हे मोठं आश्चर्य म्हणून सांगतात. ज्या घरात ‘उष्टं’ हा शब्द आहे तिथे समजावून सांगायला काय लागतं? एकदा हात लागला की लागला. धुतल्याने, उकळल्याने, प्रयोगशाळेचा दाखला जोडल्याने उष्टं पुन्हा स्वच्छ होत नाही. म्हणून ‘आम्ही पावडर तापवून निर्जंतुक केली आहे’ हे वाक्य तुझ्या पोस्टरवरून काढून टाक. ते वाचून माणसाच्या मनात आधी जंतू येतात.

आता प्रबोधनाबद्दल. ते करू नकोस. जर्मनीतला २०१८ सालचा एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला लावते. लोकांसमोर मीलवर्म, म्हणजे भुंग्याच्या जातीच्या एका किड्याच्या अळ्या घातलेली चॉकलेटची गोळी ठेवली. काहींना दाखवलेल्या जाहिरातीत म्हटलं होतं, हे पर्यावरणाला आणि तब्येतीला चांगलं. दुसऱ्या जाहिरातीत म्हटलं होतं, हे चविष्ट आहे, झक्क आहे. गोळी खाऊन बघणारे पहिल्या गटात साधारण ६१ टक्के निघाले आणि दुसऱ्यात ७६. जग वाचवा म्हटल्यावर हात मागे गेले. मला याचं नवल वाटत नाही. ‘तब्येतीला चांगलं असतं’ हे वाक्य आपण लहानपणी कशाबद्दल ऐकलं? कारलं, एरंडेल आणि दुधातली हळद.

किडे जिथे खरोखर खाल्ले जातात तिथे त्यांना कुणी ‘प्रोटीनचा स्रोत’ म्हणत नाही. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या जगदलपूरकडच्या आठवडी बाजारात मी चापडा विकत घेतला आहे. पानाच्या दोन्यात आंब्याच्या नाहीतर सालाच्या झाडावरच्या लाल मुंग्या, मध्ये तांदळाच्या कण्यांसारखी पांढरी अंडी, आणि दोना हलवला की सगळं सरसर हलतं. विकणारी बाई काठावर आलेल्या मुंग्यांना बोटाने आत ढकलत माझ्याशी बोलत होती. मी मूर्खासारखं विचारलं, हे कशासाठी खाता? तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, आंबट लागतं ना. लसूण, मिरची, आलं, मीठ घालून पाट्यावर वाटायचं. तापातही देतात, असं तिने नंतर जोडलं, बहुधा माझ्या समाधानासाठी. ती चटणी मी भाताबरोबर खाल्ली. मुंगीतल्या फॉर्मिक ॲसिडचा आंबटपणा चिंचेपेक्षा टोकदार असतो आणि लगेच ओसरतो. चांगली लागते, मात्र भात जास्त लागतो. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशाच काई चटणीला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चटणी म्हणून. युगांडात नाकतोड्यांचा हंगाम असतो आणि कंपालाच्या बाजारात ते गोमांसापेक्षा महाग विकले जातात. स्वस्त आणि उपयुक्त म्हणून नव्हे, आवडतात म्हणून.

थायलंडची गोष्ट तर आपल्या नावाचीच आहे. तिथे मक्यावर टोळ पडायचे, त्यांचं शास्त्रीय नाव पतंगा सक्सिंक्टा. ‘पतंगा’ म्हणजे आपला संस्कृतातला पतंगच. इंग्रजीत त्याला बॉम्बे लोकस्ट म्हणतात. विमानातून फवारूनही तो आटोक्यात येईना, तेव्हा १९७८ ते १९८१ या काळात तिथे तो धरून खायची मोहीम चालवली गेली. लोकांनी तळला, खाल्ला, आवडला. आज तळलेला ‘पतंगा’ हातगाडीवर मिळतो आणि मक्यावरची मोठी कीड म्हणून त्याचं नाव मागे पडलंय. पुढे १९९८ मध्ये खोन केन विद्यापीठाने रातकिडे पाळायची पद्धत बसवली आणि २०१३ पर्यंत तिथे वीस हजारांच्या आसपास रातकिड्यांचे गोठे झाले होते. गोठे हा माझा शब्द. पण ही मोहीम यशस्वी झाली ती लोकांना किडे खायची सवय मुळातच होती म्हणून. ईशान्य थायलंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या किडे खाल्ले जातात. ओळखीच्या ताटात एक नवा किडा आला, एवढंच. नेमकं हेच सोडून लोक उरलेली गोष्ट भाषणात सांगतात.

मे २०२० मध्ये टोळ अमरावती-नागपूरकडे आले तेव्हा मलाही दोघा-तिघांनी विचारलं, मॅडम, धरून तळूया का? अजिबात नाही. ज्या थव्यावर औषध फवारलं जातं तो खायचा नाही. १९८८-८९ मध्ये कुवेतमध्ये गोळा केलेल्या टोळांत कीटकनाशकांचे अवशेष भरपूर सापडले होते. खायचे असतील तर पाळलेले, आणि त्यांना काय चारलं हे माहीत असलेले.

जराशी अवघड गोष्टही बोलायला हवी. बस्तरच्या त्या बाजारात माझ्याबरोबर त्याच भागातला एक शिकलेला मुलगा होता. मी दोना घेतला तेव्हा तो कावराबावरा झाला. नंतर म्हणाला, होस्टेलवर मुलं चिडवायची, तुम्ही मुंग्या खाता म्हणून. मी खात नाही असं सांगायचो. किळस नुसती जिभेची नसते, ती वरून खाली बघते. ज्याला आपण आपल्यापेक्षा खालचा ठरवला त्याचं अन्न आपोआप ओंगळ होतं. आणि आता तेच अन्न ‘सुपरफूड’ म्हणून चकचकीत पाकिटात यायला लागलं की त्या मुलाला काय वाटत असेल? प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत ‘आदिवासी लोक प्रथिनांच्या कमतरतेमुळे किडे खातात’ असं काही लिहिलं असशील तर खोड. बहुतेक जण लिहितात.

युरोपचा अनुभव उलट्या बाजूने तेच सांगतो. तिथे कायद्याने दार उघडलं. वाळवलेल्या मीलवर्मला २०२१ मध्ये युरोपीय संघाची पहिली परवानगी मिळाली, मग टोळ, मग रातकिडा. फिनलंडमध्ये त्याआधीच, २०१७ साली, एका पावात सत्तरेक रातकिड्यांचं पीठ घालून विक्री सुरू झाली. पिठाचं प्रमाण ३ टक्के, तुझ्या चकलीपेक्षा कितीतरी कमी. पण लोक? बेल्जियममधल्या २०१५ च्या एका पाहणीत मांसाऐवजी किडे खायला तयार असल्याचं साधारण पाचातल्या एकानेच सांगितलं, तेही नुसतं सांगितलं. नेदरलँड्समध्ये सुपरमार्केटात किड्यांचे बर्गर आले तेव्हा ते विकत घेतलेल्या लोकांना एका संशोधकाने गाठलं. त्यांची किळस केव्हाच गेली होती. पहिला बर्गर त्यांनी हौसेने खाल्ला होता. पुन्हा का घेत नाही, याची उत्तरं रोजचीच होती: महाग आहे, नेहमी मिळत नाही, चव ठीकठाक, आणि रोजच्या जेवणात नेमका कुठे बसवायचा तेच कळत नाही.

म्हणून माझ्या फॉर्मवर एक रकाना असतो: ‘न सांगता दुसरा तुकडा उचलला का?’ पहिला तुकडा लोक माझ्यासाठी खातात, मित्राने डिवचलं म्हणून खातात, फोटोसाठी खातात. तू फक्त पहिलाच मोजलास.

आता तुझं आवडतं प्रोटीन. पाकिटावर ६५-७० टक्के छापलेलं असेल. ते कसं काढतात ते तुला शिकवलंय: नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ ने गुणायचं. पण किड्याच्या कवचात कायटिन असतं आणि त्यातही नायट्रोजन असतो. म्हणजे कवचही प्रोटीन म्हणून मोजलं जातं. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी अख्ख्या अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवला. तो अळ्यांचा आहे, रातकिड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ७० चा आकडा कुठल्या दिशेला घसरेल ते कळतं. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात सोयाच्या वड्या मिळतात, पन्नास टक्क्यांच्या वर प्रोटीन, तपकिरी त्रिकोण नाही, मावशी चूळ भरत नाही. प्रोटीनच्या शर्यतीत रातकिडा आपल्या देशात सोयाबीनकडून हरतो. बी-१२ जीवनसत्त्वाचा मुद्दा तेवढा त्याच्या बाजूचा आहे. चाऱ्याच्या हिशोबातही जरा जपून. २०१५ चा कॅलिफोर्नियातला अभ्यास वाच: कोंबडीचं खाद्य घातलं तर रातकिडे कोंबडीपेक्षा थोडेसेच सरस ठरले आणि जवळपास तसंच दिलेलं शहरी ओलं खरकटं घातलं तर जवळजवळ सगळे मेले. ‘कचऱ्यातून प्रोटीन’ हे वाक्य रातकिड्यांना ठाऊक नाही.

मग काहीच होणार नाही का? होतं, पण सावकाश आणि आडवाटेने. माझ्या लहानपणी आमच्या आळीत अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणायचे आणि हात लावला तर पाठीत धपाटा मिळायचा. कोकणातली माणसं पावसात रानातून आणून तिची भाजी करायची, ती गोष्ट वेगळी. आज शुद्ध शाकाहारी लग्नातही मशरूमचा मसाला असतो आणि त्याच आळीतल्या काकू दोनदा वाढून घेतात. यात जीवनसत्त्वांचं व्याख्यान कुणी दिलं नव्हतं. नाव बदललं, पत्ता बदलला (उकिरड्याऐवजी प्लास्टिकची पेटी), आणि मुख्य म्हणजे ओळखीच्या रश्शात आलं.

तुझ्या जागी मी असते तर लाडू आणि प्रोटीन बार यांच्या वाटेला गेले नसते. गोडात तो खमंग, किंचित खारट वास खुपतो. मी थेट सुकट-जवळा खाणाऱ्या घरांकडे गेले असते आणि चखण्याकडे. थायलंडमध्येही तळलेला किडा बिअरबरोबरच जास्त उडतो. पीठ लपवायचं नाही, नाव पुढे ठेवायचं, आणि तोंडात आल्यावर ‘अरे, हे तर आपल्या ओळखीचं’ असं वाटायला हवं: लसूण, तिखट, कोकमाची चिमूट. चकली ही निवड वाईट नाही. भाजणी मुळातच काळपट असते, त्यामुळे रंग झाकायला लागत नाही. आणि हे सगळं सध्या चाचणीपुरतंच. आपल्याकडे असं काही विकायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेकडून ‘नॉन-स्पेसिफाइड फूड’, म्हणजे नियमांत न बसवलेला पदार्थ, म्हणून आधी मंजुरी घ्यावी लागते. कॉलेजच्या फेस्टमध्ये स्टॉल लावू नकोस.

राहता राहिली तुटणारी चकली. तुझ्या पावडरीतच पाचव्या हिश्शाच्या आसपास चरबी असणार, ती मोहनाचंच काम करते. तू नेहमीचं मोहन घालून वर ही पावडर घालत असशील तर चकली तळणीत विरघळणार नाहीतर सोऱ्यातून निघतानाच तुटणार. १० टक्क्यांना मोहन निम्म्यावर आण. पावडर कोरडी मिसळू नकोस, भाजणीची उकड काढतानाच गरम पाण्यात घाल म्हणजे ती पाणी धरेल, मग झाकून अर्धा तास ठेव. पावडर मैद्याच्या चाळणीतून गाळून घे, कारण पायांचे बारीक तुकडे सोऱ्याच्या चकतीच्या टोकांत अडकतात आणि काटा नीट येत नाही. १२ टक्क्यांच्या वर मला कधीच जमली नाही. तुला जमली तर मोहनाचं माप कळव.